पांडा, पतंग आणि खाप्याची कपाशी

खापा हे सावनेर तालुक्यातील, कन्हान नदीच्या काठचे जुने गाव. हातमागावर पोट भरणाऱ्या कोष्ट्यांचे, मँगनीजच्या खाणीत राबणाऱ्या मजुरांचे आणि भोवतालच्या काळ्या रानात कपाशी पेरणाऱ्या शेतकऱ्यांचे. गावाच्याच नावाचे एक वनपरिक्षेत्र आहे. तेथील जंगलात वाघाची ये-जा असते आणि पेंचचा व्याघ्र प्रकल्पही फार लांब नाही. अशा या गावाच्या शिवारावर दोन प्राण्यांची सत्ता चालते. पहिला वाघ. २००६ पासून दर चार वर्षांनी देशभर त्याची शास्त्रीय मोजणी होते, झाडाला बांधलेले कॅमेरे त्याच्या अंगावरचे पट्टे टिपतात आणि प्रत्येक वाघाची सरकारदरबारी स्वतंत्र नोंद राहते. दुसरा एक मातकट रंगाचा, जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचा पतंग. तो रात्री उडतो, दिवसा जमिनीच्या भेगांत व पालापाचोळ्यात दडतो. शेतकऱ्यांपैकी पुष्कळांनी तो पतंगाच्या रूपात कधी पाहिलेलाही नसतो. त्याच्या अळीला मात्र विदर्भातले लहान मूलही ओळखते. ती गुलाबी बोंडअळी.

वाघाचे मोल काय आणि या पतंगाचे काय, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. परंतु कोणत्या प्राण्यासाठी शासनसंस्था हलते आणि कोणत्या प्राण्याशी एकट्यादुकट्या माणसाला झुंजत ठेवले जाते, हे तपासू लागले की त्या प्रश्नातून समाजव्यवस्थेचे चित्र स्पष्ट होत जाते. त्यासाठी वाघापेक्षाही जगात अधिक लाडका असलेल्या एका प्राण्याकडे प्रथम पाहणे उपयोगाचे ठरेल. तो म्हणजे चीनचा पांडा.

१९६१ साली जागतिक वन्यजीव निधी ही संस्था स्थापन झाली तेव्हा तिने आपले बोधचिन्ह म्हणून पांडा निवडला. प्राणी देखणा आहे, दुर्मीळ आहे, ही कारणे होतीच. शिवाय तो काळापांढरा असल्याने छपाईचा खर्च वाचतो, हेही एक कारण संस्थेच्या संस्थापकांनी मोकळेपणाने सांगितले होते. निसर्गरक्षणाच्या चळवळीचा चेहरा ठरवताना शाईचा हिशेब झाला, यात हसण्यासारखे काही नाही. गरीब चळवळींना असे हिशेब करावेच लागतात. पुढे मात्र हा चेहरा भलताच महाग झाला. १९७२ साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला जाऊन आल्यावर चीनने दोन पांडे भेट दिले. नंतर भेटीची जागा भाडेपट्ट्याने घेतली आणि परदेशी प्राणिसंग्रहालयांना एका जोडीसाठी वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत मोजावे लागू लागले.

पांडाचा जीवनक्रम मोठा अडचणीचा आहे. पोट मांसाहारी प्राण्याचे, आणि आहार जवळजवळ सर्वस्वी बांबूचा. बांबू नीट पचत नाही म्हणून दिवसाला बारा ते अडतीस किलोपर्यंत खावा लागतो. मादी वर्षातून दोन-तीन दिवसच गर्भधारणेस योग्य असते. बांबू अनेक वर्षांनी एकदाच फुलतो आणि सामूहिक मरण पत्करतो. १९७० च्या दशकाच्या मध्यास मिनशान पर्वतात असे घडले तेव्हा शंभराहून अधिक पांडे उपासमारीने मेले. पूर्वी एका डोंगरावरचा बांबू मेला की प्राणी दुसऱ्या डोंगरावर जात असे. मधली जंगले तुटून तेथे शेते व रस्ते झाल्यावर ती वाट बंद झाली. पांडा संकटात आला तो त्याच्या खाण्याच्या आवडीमुळे नव्हे, त्याच्याभोवतीच्या जमिनीची वाटणी बदलल्यामुळे.

याच कसोटीवर आता पतंगाला घासून पाहावे. गुलाबी बोंडअळीही पांडासारखीच एका झाडावर जीव लावणारी आहे. भेंडी-अंबाडीच्या कुळातील काही वनस्पतींवर ती निभावून नेते, पण तिचे खरे अन्न म्हणजे कपाशीचे बोंड. मादी पात्याफुलांवर, कोवळ्या बोंडांवर शेकड्याने अंडी घालते. अळी बाहेर पडताच फुलात किंवा बोंडात शिरते. फुलाच्या पाकळ्या आतून चिकटवल्यासारख्या मिटून राहतात, त्याला शेतकरी डोमकळी म्हणतात. बोंडात शिरलेल्या अळीचे छिद्र बुजून जाते. बाहेरून बोंड हिरवेगार, टणक दिसते आणि आत सरकी पोखरली जात असते. महिन्याभरात एक पिढी पूर्ण होते. पीक संपले की शेवटच्या पिढीची अळी सरकीत, वाळलेल्या बोंडांत, पऱ्हाटीच्या ढिगात निद्रिस्त पडून राहते व पुढच्या हंगामाची वाट पाहते. १८४० च्या दशकात भडोचच्या कपाशीवरील नमुन्यांवरून शास्त्रज्ञांनी तिचे पहिले वर्णन केले. याचा अर्थ ती कोणी अलीकडे धाडलेली परकी बला नाही. या देशाच्या कपाशीशी तिचा संबंध फार जुना आहे.

असे असता एका झाडावर जगणारा एक प्राणी नष्ट होण्याच्या काठावर का गेला आणि एका झाडावर जगणारा दुसरा प्राणी सगळ्या कापूसपट्ट्याला पुरून का उरला? उत्तर दोघांच्या अन्नात आहे. माणसाने बांबूचे रान तुकड्या-तुकड्यांत तोडले आणि कपाशीचे रान सलग, अखंड पसरवले. ते पसरवताना कपाशीही अशी निवडली की पतंगाला वर्षातला मोठा काळ बोंड मिळावे.

ही निवड शेतकऱ्याने केली, असे सांगण्याची एक सोयीस्कर पद्धत पडली आहे. तिची शहानिशा आवश्यक आहे. जगातील बहुतेक कापूस-उत्पादक देशांत सरळ वाण पेरले जातात. त्यांचे बी शेतकऱ्याला पुन्हा वापरता येते, झाडे दाट लावता येतात आणि पीक लवकर उरकते. भारतात मात्र संकरित वाणांचे राज्य झाले. संकरित बियाणे दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागते, आणि नेमकी हीच गोष्ट बियाणे कंपन्यांना हवी असते. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली तीही संकरित रूपातच, आणि २००६ मध्ये दोन जनुकांचा दुसरा अवतार आला. थोड्याच वर्षांत देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कापूसक्षेत्र बीटीखाली गेले. सुरुवातीला फायदा झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. हिरव्या बोंडअळीचा उपद्रव घटला, फवारण्या कमी झाल्या, उत्पन्न वाढले. परंतु गुलाबी अळी हा हंगामाच्या उत्तरार्धात येणारा किडा आहे. एकशे साठ, एकशे ऐंशी दिवस शेतात उभे राहणारे झाड म्हणजे तिच्यासाठी मांडून ठेवलेले ताट. पिढ्यामागून पिढ्या तेच विष चाखत तिने ते पचवायला शिकून घेतले. २०१० मध्ये गुजरातच्या चार जिल्ह्यांत पहिल्या जनुकाला ती दाद देत नसल्याचे खुद्द कंपनीने मान्य केले. पुढच्या पाच-सहा वर्षांत दुसऱ्या जनुकाचीही तीच गत झाली.

२०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात जे घडले ते कार्यकर्त्यांच्या स्मरणात असेल. दिवाळीनंतरच्या वेचणीत बोंडे उमललीच नाहीत. उमलली त्यांतून कवडी निघाली. शेतकऱ्यांनी उभ्या पऱ्हाटीत नांगर घातले, जनावरे सोडली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. डोक्यापर्यंत वाढलेल्या झाडांत पंप घेऊन शिरणारा, दोन-तीन औषधांचे मिश्रण अंगावर झेलणारा हा माणूस बहुधा दुसऱ्याच्या शेतात रोजाने गेलेला असतो. आणि बोंडात शिरून बसलेल्या अळीपर्यंत वरून मारलेले औषध पोचतच नाही. जे औषध अळीला लागत नव्हते ते मजुराला लागले.

डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात शासनाने कोरडवाहू कपाशीसाठी हेक्टरी ३०,८०० रुपयांच्या मदतीची घोषणा केली. त्या रकमेची फोड पाहण्यासारखी आहे: आपत्ती निवारण निधीतून ६,८००, पीक विम्यातून ८,०००, आणि बियाणे कंपन्यांकडून १६,०००. निम्म्याहून अधिक रक्कम शासनाच्या हातात नसलेल्या पैशांतून जाहीर झाली होती. कंपन्यांनी तो बोजा घेण्यास विरोध केला, हे वेगळे सांगायला नको. विम्याचे भरपाईचे गणित तर महसूल मंडळाच्या सरासरीवर बसवलेले. मंडळाची सरासरी बरी निघाली की एका शेताची राखरांगोळी हिशेबात धरली जात नाही. त्यात भर म्हणजे ही कीड पंचनाम्याला दिसत नाही. पूर आला, गारपीट झाली तर तलाठ्याला बांधावरून नुकसान दिसते. येथे शेत हिरवे असते आणि पीक गेलेले असते.

या सर्व काळात दोष शेतकऱ्याच्या माथी मारण्याचे काम चोख चालले. त्याने बीटी नसलेल्या कपाशीच्या आश्रय-ओळी लावल्या नाहीत, त्याने फरदड घेतली, त्याने मे महिन्यातच धूळपेरणी केली. यातील प्रत्येक गोष्ट शास्त्राच्या दृष्टीने खरी आहे, आणि म्हणूनच तिला नीट उत्तर दिले पाहिजे. आश्रय-ओळींचे बी वेगळ्या पुडीत आले. दोन-चार एकरांच्या धन्याला त्या ओळी म्हणजे किडीला वाढून ठेवलेले शेत होते, त्याची भरपाई कोणी देऊ केली नव्हती. शेवटी मुख्य पाकिटातच ते बी मिसळून देण्याचा निर्णय झाला, तोवर अळी निर्ढावली होती. फरदडीचेही तसेच. पहिल्या दोन वेचण्यांचा पैसा कर्जात आणि मजुरीत जातो. जानेवारीत पाणी देऊन आणखी एक-दोन वेचण्या मिळाल्या तर घरात चार पैसे उरतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, नवा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर, केंद्र सरकारने कापसावरील आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत माफ केले. ज्याला पहिल्या वेचणीचा भाव मिळत नाही त्याला शेवटची वेचणी सोडून दे, असे सांगणारी भित्तिपत्रके कितीही सुंदर छापली तरी ती भिंतीवरच राहतात.

येथे पांडाकडे परत वळले पाहिजे, कारण चीनचा अनुभव दोन्ही प्राण्यांच्या बाबतीत बोलका आहे. पांडासाठी त्या देशाने उपदेशाची भित्तिपत्रके छापून काम भागवले नाही. १९९८ मध्ये नैसर्गिक जंगलांच्या तोडीवर बंदी आली, १९९९ पासून उतारावरच्या शेतकऱ्यांना धान्य व पैसा देऊन शेताच्या जागी झाडे लावण्यास प्रवृत्त करण्यात आले, साठाहून अधिक राखीव क्षेत्रे झाली, आणि २०२१ मध्ये सुमारे बावीस हजार चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान उभे राहिले. चौथ्या गणनेत, २०१४ पर्यंतच्या मोजणीनुसार, रानातले पांडे १,८६४ भरले. २०१६ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने त्याला संकटग्रस्ताच्या यादीतून एक पायरी खाली आणून असुरक्षित ठरवले. ज्या गावकऱ्यांना यात हलवले गेले त्यांच्या तक्रारींचा इतिहास वेगळा आहे आणि व्याघ्र प्रकल्पांच्या शेजारी राहणाऱ्यांना तो परका वाटणार नाही. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही: पांडा वाचवणे ही एकेका गावकऱ्याची जबाबदारी ठरवली गेली नाही.

पांडाच्या डोंगरांचे पाणी ज्या यांगत्से नदीला मिळते, तिच्याच खालच्या खोऱ्यात गुलाबी बोंडअळीचे एक जुने ठाणे आहे. तेथेही बीटी कपाशी आली, तेथेही प्रतिकार डोके वर काढू लागला. पुढे तेथील शेतकरी संकरिताच्या दुसऱ्या पिढीचे, स्वस्त पडणारे बी पेरू लागले. या बियांतली साधारण चौथाई झाडे बीटी नसलेली निघतात. म्हणजे आश्रय आपोआप शेतभर पसरला, आणि काही वर्षांत अळीची प्रतिकारशक्ती घटल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. अमेरिकेतही हीच अळी १९१७ पासून ठाण मांडून होती. तेथे कापूस-उत्पादक, संघराज्य आणि राज्यसरकारे यांनी खर्च वाटून घेतला, बीटीच्या जोडीला अब्जावधी वंध्य पतंग विमानातून सोडले, कामगंधाचा वापर केला, हंगामानंतर सर्वांनी एकाच वेळी पऱ्हाटी नांगरून टाकल्या, आणि २०१८ मध्ये देशातून किडीचे उच्चाटन झाल्याची घोषणा केली. भांडवलशाहीचे माहेरघर म्हणवणाऱ्या देशात हे काम बाजारावर सोपवले नव्हते, याची नोंद ज्यांनी घ्यायची ते घेत नाहीत. विदर्भात मात्र जे तंत्र सामूहिक शिस्तीवर तगते ते चारशे-साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटांतून एकेकट्या कुटुंबाला विकले गेले.

पांडाच्या कथेला एक दुसरी बाजूही आहे. मोठा प्राणी वाचवला की त्याच्या छत्राखाली लहानमोठे सगळे जीव वाचतात, असा युक्तिवाद नेहमी केला जातो, आणि काही पक्ष्यांच्या व झाडांच्या बाबतीत त्यात तथ्यही आहे. परंतु २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे आढळले की १९६० च्या दशकानंतर पांडाच्या राखीव क्षेत्रांपैकी ८१ टक्क्यांतून बिबट्या नाहीसा झाला, ७७ टक्क्यांतून लांडगा, आणि ९५ टक्क्यांतून रानकुत्रा म्हणजे पेंचच्या जंगलात आजही कळपाने शिकार करणारा कोळसून. छत्री एकाच्या मापाची शिवली की शेजारचे भिजतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये देशात प्रथम राज्य फुलपाखरू घोषित केले ही कौतुकाची गोष्ट. तेथेही निवड झाली ती निळ्या-काळ्या पंखांच्या राणी पाकोळीची, म्हणजे कीटकांतल्याही देखण्या घराण्याची. दिसणे हा हक्काचा आधार झाला की न दिसणारे बेदखल होतात, आणि हा न्याय कीटकांपुरता थांबत नाही. फवारणीचा पंप पाठीवर घेतलेला मजूर, हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला कोष्टी, हे कोणत्याही बोधचिन्हावर कधी आले नाहीत.

पतंगाला शत्रू ठरवून त्याच्यावर विषाचा मारा करत राहणे हा मार्ग अर्थातच नव्हे. विषाने बोंडअळीच्या अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामासारख्या मित्रकीटकांचा आधी फडशा पडतो. मार्ग नागपुरातच उपलब्ध आहे. येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून काम करीत आहे. कमी मुदतीचे, दाट लावता येणारे वाण आणि अळीच्या मोजणीची पद्धत यांविषयी तिच्याकडे ज्ञान आहे. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी आठ पतंग सापडले की उपाय सुरू करावा, इतका साधा तो नियम आहे. सापळ्याची किंमत मामुली. उणीव आहे ती रोज सकाळी सापळे मोजून गावाला आकडा सांगणाऱ्या व्यवस्थेची. खाप्याच्या जंगलात एका वाघाच्या मागावर वनरक्षक, कॅमेरे, नोंदवह्या ठेवता येतात; आणि तसे करणे योग्यच आहे. मग शिवारातल्या सापळ्यांची नोंद ठेवण्यासाठी सावनेर तालुक्यातील प्रत्येक ग्रामपंचायतीत हंगामापुरता एक मानधनी माणूस नेमता येऊ नये, असे कोणते आर्थिक संकट राज्यावर आले आहे?

कापूसपट्ट्यातील कार्यकर्त्यांनी पुढच्या हंगामापूर्वी हा प्रश्न हाती घ्यावा. सापळ्यांची मोजणी सार्वजनिक खर्चाने व्हावी. जिनिंगच्या आवारात उन्हाळाभर पडून राहणारी सरकी हे अळीचे मोठे आश्रयस्थान असते; तेथे सापळे लावण्याची व सरकी वेळेत हलवण्याची सक्ती कारखानदारांवर व्हावी, कारण आजवर सगळे नियम शेतकऱ्याच्या बांधापर्यंत येऊन थांबतात आणि जिनिंगच्या फाटकातून आत जात नाहीत. सरळ वाणांचे बी सार्वजनिक संस्थांनी पुरेशा प्रमाणात व जूनच्या आत पुरवावे. फरदड सोडणाऱ्याला हेक्टरी ठरावीक रक्कम मिळावी, जशी चीनने उतारावरची शेते सोडणाऱ्यांना दिली. सीसीआयची खरेदी पहिल्या वेचणीलाच सुरू व्हावी. १९७२ साली महाराष्ट्राने एकाधिकार खरेदी सुरू केली तेव्हा तिच्यात दोष होते, पण कापूस वेचला की तो कोठे न्यायचा हे शेतकऱ्याला ठाऊक होते. आणि पंचनाम्यासाठी बोंडे फोडून पाहण्याची पद्धत नियमात यावी: एकरी ठरावीक संख्येने हिरवी बोंडे तोडावी, चिरावी, अळी मोजावी. ऑक्टोबरच्या अखेरीस, पीक हिरवे असतानाच ही तपासणी झाली तर डिसेंबरात विधिमंडळ नागपुरात भरते त्या वेळी सावनेर तालुक्याचे आकडे सभागृहाच्या टेबलावर ठेवता येतील.